होडीतील पाण्याचा भोंगा : सुट्या भागांच्या निवडीचे शास्त्र

होडीच्या तळाशी पाणी साठू लागताच आपोआप वाजणारा भोंगा घरच्या घरी बनवावा, अशी इच्छा अलिबाग तालुक्यातील रेवस परिसरातील ज्या गृहस्थास होते, त्याने प्रथम सर्किटची आकृती नव्हे, तर भरती-ओहोटीचे कोष्टक समोर घ्यावे. याचे कारण असे की आकृतीतील बहुतेक सुटे भाग मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात, आणि भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच रेवसच्या जेट्टीभोवती साचणाऱ्या गाळामुळे ओहोटीच्या वेळी धक्क्याला लागेलच याची खात्री नसते. त्यामुळे राहून गेलेला एखादा रेझिस्टर संध्याकाळी सहज जाऊन आणता येईल, हे शहरी ग्रंथकारांचे गृहीतक खाडीच्या या काठावर टिकत नाही. यावरून निवडीचा पहिला नियम निघतो, तो म्हणजे प्रत्येक भाग आवश्यकतेच्या दुप्पट घ्यावा, कारण जळालेल्या ट्रान्झिस्टरपेक्षा तो आणण्यासाठी केलेल्या जलप्रवासाचे तिकीट नेहमीच महाग पडते.

साहित्याच्या निवडीत एवढी चिकित्सा अतिशयोक्त वाटणाऱ्यांनी याच तालुक्यातील एक पूर्वोदाहरण ध्यानात घ्यावे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, आणि त्यांच्या विद्युतप्रवाहामुळे कुलाबा वेधशाळेतील पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे बिघडणार, हे दिसताच ते काम १९०४ साली अलिबागला हलवण्यात आले, आणि तेथील इमारतीत चुंबकीय गुणधर्माचे साहित्य येणार नाही याची कसोशीने काळजी घेतली गेली. शिवाय जुन्या व नव्या जागेच्या नोंदी जुळवून पाहता याव्यात म्हणून सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी मोजमाप चालू ठेवले गेले. त्या काळात मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन होते, म्हणजे ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर (त्याचे आजचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) भोंग्याचे भाग घ्यायचे तेच, या योगायोगातून कोणताही निष्कर्ष निघत नाही, परंतु विद्वत्तापूर्ण प्रकरणात तो नोंदवला नाही तर उणीव राहते.

आता रेझिस्टर, म्हणजे विद्युतप्रवाहाला ठरावीक प्रमाणात अडवणारा भाग, याचा विचार करू गेल्यास असे दिसते की भोंग्याला लावायच्या तांबड्या दिव्याकरिता, म्हणजे एलईडीकरिता, शालेय गणित फार सुबक उत्तर देते : बॅटरी १२ व्होल्टची, दिवा सुमारे २ व्होल्टचा, प्रवाह २० मिलिअँपिअर, म्हणून रोध ५०० ओहम. परंतु रेझिस्टरच्या नेहमीच्या मालिकेत ५०० नावाची किंमतच नसून ४७० नंतर थेट ५६० येते, आणि दुकानदाराकडे ५०० चाच हट्ट धरणारा ग्राहक पुस्तक वाचून आला आहे हे त्याला तत्काळ कळते. ५६० घेऊन समाधान मानावे, तर इंजिन चालू असताना होडीची बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत चढते, तेव्हा त्या रेझिस्टरमध्ये पाव वॅटपेक्षा अधिक उष्णता निर्माण होते, आणि दुकानात न सांगता मिळणारा रेझिस्टर नेमका पाव वॅटचा असतो. म्हणून सरळ १ किलोओहमचा, म्हणजे तपकिरी, काळा, लाल पट्ट्यांचा रेझिस्टर घ्यावा. प्रकाश थोडा मंद पडेल, परंतु रात्रीच्या काळोखात तो पुरेसा असतो आणि दिवसा तो कोणी पाहत नाही.

ट्रान्झिस्टर बीसी ५४७ घ्यावा. त्याची सपाट बाजू समोर धरली असता डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा पायांचा क्रम असतो, मात्र दिसायला अगदी तसाच असणाऱ्या काही ट्रान्झिस्टरांत तो उलटा असल्याने केवळ चेहऱ्यावरून सोयरीक जुळवू नये. भोंगा थांबून थांबून वाजावा असे वाटत असल्यास हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली रचलेली ५५५ ही टायमर चिप पुरेशी आहे, कारण ती साधारण साडेचार ते सोळा व्होल्टपर्यंत चालते आणि होडीच्या बॅटरीचे चढउतार सोसते. लहान सिरॅमिक कपॅसिटरवरील १०४ हा आकडा एकशे चार नव्हे. दहावर चार शून्ये, इतके पिकोफॅरड, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड असा त्याचा अर्थ होतो. तारा उलट जोडल्या गेल्यास सर्किट वाचावे म्हणून १एन४००७ हा डायोड घ्यावाच, कारण अंधारात बॅटरी जोडणारा हात आकृती वाचत नाही.

सर्वांत मोठा मतभेद पाणी ओळखणाऱ्या भागाविषयी आहे. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने दोन उघड्या तारा तळाशी सोडल्या की काम होते, असे सांगणारा एक जाणकार प्रत्येक धक्क्यावर असतो, आणि पहिल्या आठवड्यापुरते त्याचे म्हणणे खरेही ठरते. पुढे मात्र एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहामुळे धन बाजूची तार खाऱ्या पाण्यात झिजत जाते, आणि भोंगा गप्प राहण्याचे कारण होडी कोरडी असणे की तारच नाहीशी होणे, हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे तरंगणारा स्विच श्रेयस्कर. त्यातील चुंबक वर उचलला गेला की काचेच्या नळीत बंद असलेल्या पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटून मार्ग पूर्ण होतो, व पाण्याचा विजेशी संबंध येत नाही. तथापि माशांचे खवले आणि दोरीचे तुकडे त्यालाही अडकवतात, म्हणून त्याच्याभोवती जाळी आणि शेजारी चाचणीचे बटण बसवावे, व समुद्रात जाण्यापूर्वी ते दाबून पाहावे.

खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवा गंज लवकर चढत असल्याने डाख देताना राळेचा फ्लक्स वापरावा, नळकामाचा आम्लयुक्त नव्हे. आणि चाचणी झाल्यावर सर्किटवर वॉर्निश फवारावे. घरातील नेलपॉलिशनेही हे काम बऱ्यापैकी होते, फक्त ते कोणाचे आहे याची चौकशी आधी करावी. पेटी हवाबंद असावी हे सर्वमान्य आहे, परंतु आवाज बाहेर यायला भोक लागते आणि मीठ त्याच भोकातून आत येते, हा पेच कोणत्याही ग्रंथाने सोडवलेला नाही; म्हणून मूळचाच जलरोधक असलेला भोंगा विकत घेऊन तो पेटीबाहेर लावावा.

असा तयार संच बाजारात मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न घरातील ज्येष्ठ मंडळी विचारतील, आणि दुप्पट भाग, लाँच, टॅक्सी व वडापाव धरून केलेला हिशेब त्यांच्याच बाजूचा निघेल. त्यांच्याशी वाद घालू नये. अलिबागच्या धर्तीवर जुनी पद्धत, म्हणजे फळी उचलून हात घालून पाहणे, पहिली दोन वर्षे नव्या भोंग्याबरोबर चालू ठेवावी. आणि खरेदीच्या यादीत शेवटी एक बादली अवश्य लिहावी, कारण भोंगा पाणी आल्याचे सांगतो, ते उपसत नाही.