पंचकाकांचे दफ्तर

नाशिकच्या जुन्या गावठाणात, जिथून गंगा दिसत नाही पण सायंकाळच्या आरतीची घंटा ऐकू येते अशा एखाद्या बोळात, ज्याने पंधरावीस वर्षे काढली आहेत त्याला सेवानिवृत्त गृहस्थांच्या मुख्य जाती तोंडपाठ असतात. एक जात पहाटे घाटावर जाऊन गोदावरीला गंगा म्हणण्याचा आपला वंशपरंपरागत हक्क बजावून येते. दुसरी १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन एकच वर्तमानपत्र असे काही व्यापून बसते की, त्या कागदाचा फेरफार तिच्या नावे कधीच मंजूर झाला असावा असा इतर वाचकांना संशय यावा. तिसरी जात संख्येने अल्प आहे, परंतु तिचा उपद्रव मोठा आहे. ती घरोघरच्या बैठ्या खेळांची परीक्षा करते, आणि अमुक खेळ कुटुंबाने एकत्र बसून खेळण्यास योग्य आहे किंवा नाही याविषयी, कोणी विचारलेले नसताना, निर्णय देते.

या जातीचा अस्सल नमुना म्हणजे आमचे पंचकाका. महसूल खात्यात हयात घालवून अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले, तेव्हा खात्याने त्यांना सोडले. त्यांनी खात्याला सोडले असे मात्र म्हणता येणार नाही. घरात नवा खेळ आला की मुले खोक्याचे झाकण उघडतात, आणि काका चष्म्याची पेटी उघडतात. सोंगट्यांचे रंग कोणी कोणता घ्यायचा यावरून मुलांचे भांडण ऐन रंगात आले असताना काका नियमांचा कागद हाती घेऊन, चावडीवर जाहीरनामा वाचावा तशा खणखणीत स्वरात, पहिल्या कलमापासून तो शेवटच्या कलमापर्यंत, मध्ये ‘येणेप्रमाणे’, ‘सबब’ आणि ‘परंतु’ यांची स्वतःची भर घालीत वाचून दाखवतात. वाचन संपेतो धाकटी नात झोपलेली असते आणि थोरला नातू बोळात क्रिकेट खेळत असतो. काका त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ असे लिहितात.

लिहितात ते एका लाल कापडी बांधणीच्या वहीत. या वहीला घरात दफ्तर म्हणतात. तिच्यात अनुक्रमांक, खेळाचे नाव, खेळाडूंची संख्या, लागलेला वेळ, पहिला अबोला आणि शेरा असे सहा रकाने आखलेले आहेत. पैकी पाचवा रकाना हा काकांच्या बुद्धिमत्तेचा खास आविष्कार होय. खेळ सुरू झाल्यापासून किती मिनिटांनी घरातील एक व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीशी बोलेनाशी झाली, याची नोंद ते घड्याळ लावून करतात, आणि खेळाची योग्यता प्रामुख्याने या आकड्यावरून ठरवतात. मला ही कसोटी, तिच्या कर्त्याचा स्वभाव बाजूस ठेवून पाहिले तर, अत्यंत रास्त वाटते. मुलांची बुद्धी वाढवण्याची ग्वाही खोक्यावर छापलेली असतेच. तो खेळ जावा-जावांमध्ये खेळता येईल काय, हे कोणी छापत नाही.

‘व्यापार’ या खेळाच्या नोंदीत पहिला अबोला बाविसाव्या मिनिटास पडलेला आहे. त्या दिवशी काकांचे व्याही आले होते. नाशिकरोडला १९२८ पासून सरकारी नोटा छापल्या जातात, आणि व्याह्यांची सारी नोकरी त्या छापखान्यात झालेली. त्यामुळे खेळातली शंभराची गुलाबी नोट हाती येताच त्यांनी, केवळ सवयीने, ती दिव्यासमोर धरून आतले पाणचिन्ह शोधले, कडेवरून अंगठ्याचे नख फिरवले, आणि ‘कागद गेला’ असे म्हणून इतक्या दुःखी मुद्रेने खाली ठेवली की ती स्वीकारायला पुढे कोणी धजेना. काकांचा आक्षेप याहून मूलगामी होता. खेळातील बँक कर्ज देते, दंड घेते, मालमत्ता गहाण ठेवून घेते, पण ठेवीवर व्याज देत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. ‘अहो, आपल्या पांडवलेण्यांत जाऊन पाहा,’ ते व्याह्यांना म्हणाले, ‘नहपानाचा जावई उषवदात. त्याने तीन हजार कार्षापण कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार महिना शेकडा एक दराने, हजार पाऊण दराने. दहाव्या लेण्यात दगडावर कोरलेले आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी नाशकात व्याज मिळत होते, आणि तुमची ही बँक काय देते?’ ‘तुमची’ या शब्दावर व्याही दुखावले. बाविसावे मिनिट ते हेच.

वास्तविक या खेळाची वंशावळ काकांना कळली तेव्हा ते काहीसे निवळले होते. एलिझाबेथ मॅगी नामक अमेरिकन बाईंनी १९०४ साली ज्या खेळाचे पेटंट घेतले, त्यातून पुढे ‘मोनॉपली’ आणि तिच्या धर्तीवर आपला ‘व्यापार’ आला. आणि बाईंचा मूळ हेतू जमीन थोडक्यांच्या हाती एकवटली म्हणजे बाकीच्यांची कशी दैना होते हे दाखवण्याचा होता. चौतीस वर्षे जमिनीचे तंटे पाहिलेल्या माणसाला हे तत्काळ पटले. शेऱ्यात त्यांनी लिहिले : ‘हेतू शुद्ध. परिणाम उलट. धाकटा नातू सावकार झाला.’

सापशिडीचा निकाल त्यांनी दोन ओळींत लावला. ज्ञानेश्वरांनी भावंडांना मोक्षपट रचून दिला अशी परंपरा आहे, आणि थोरल्या भावाची समाधी त्र्यंबकेश्वरी, म्हणजे आमच्या हाकेच्या अंतरावर असल्याने काकांना या खेळाविषयी घरच्यासारखा आदर. पण जुन्या पटावर सापाला नाव असे, काम, क्रोध, मत्सर. गिळला जाणारा निदान कशापायी गिळला गेला हे जाणत असे. हल्लीच्या पटावरचे साप निनावी. ‘शिक्षा आहे, आरोपपत्र नाही. सबब नामंजूर.’

पत्त्यांचे प्रकरण मात्र गुंतागुंतीचे झाले, आणि त्यात मला साक्षीदार म्हणून गोवण्यात आले. त्यांच्या घरी बदाम सात, झब्बू, मेंढीकोट, पाच-तीन-दोन आणि मुलांसाठी भिकार-सावकार हे सर्व एकाच जोडावर चालतात. तो जोड किती जुना आहे हे सांगणे कठीण, पण त्यातल्या इस्पिकच्या अठ्ठीवर, पाठीमागे, उजव्या कोपऱ्यात, चिवड्याच्या हळदीचा एक बोटभर डाग आहे. कोणाचे बोट हे निष्पन्न झालेले नाही. घरातल्या प्रत्येकाला तो डाग ठाऊक आहे, आपल्याला ठाऊक आहे हे इतरांना ठाऊक आहे हेही ठाऊक आहे. त्यामुळे ज्याच्या हाती अठ्ठी येते तो ती पंख्यासारख्या धरलेल्या पानांच्या मध्यात दडवतो, आणि समोरचे चौघे छताकडे पाहण्याचा बहाणा करतात. काकांनी या जोडाचा रीतसर पंचनामा केला. पुढे पैशांऐवजी बेदाणे लावून खेळण्याची टूम निघाली, तेव्हा तिसऱ्या डावाअखेर हिशेबात एकतीस बेदाणे कमी आले, नातीच्या गालाचा एक बाजूचा फुगवटा पुरावा म्हणून स्वीकारण्यात आला, आणि ‘मुद्देमाल खाल्ला’ या कारणास्तव खेळ तहकूब झाला.

एकदा कोणी सावंतवाडीहून दशावतारी गंजिफा आणून दिला. गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग, दर रंगात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत धरून बारा, एकूण १२०. रंगकाम असे की काकूंनी हात धुतल्याशिवाय कोणास शिवू दिले नाही. परंतु दिवसा खेळताना रामाच्या रंगाने आणि रात्री कृष्णाच्या रंगाने आरंभ करावयाचा, हे कलम वाचून काका थबकले. डाव मावळतीस सुरू केला तर? त्यांनी पंचांग मागवले. सूर्यास्त नाशिकचा धरावा की खेळ जिथला त्या सावंतवाडीचा, यावर त्यांनी दोन दिवस खल केला. त्या अवधीत काकूंनी गंजिफा पुन्हा पेटीत घालून पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली, ती तिथेच आहे.

पुण्यास नोकरीला असलेल्या थोरल्या पुतण्याने गेल्या दिवाळीत ‘कॅटन’ नावाचा जर्मन खेळ आणला. क्लाउस टॉयबर या गृहस्थांनी तो १९९५ साली जगापुढे ठेवला आणि त्या वर्षीचे जर्मनीतले मानाचे पारितोषिक मिळवले. एकोणीस षट्कोनी तुकड्यांचे एक बेट. त्यात रान, कुरण, शेत, डोंगर, एक ओसाड तुकडा. वस्त्या वसवायच्या, रस्ते काढायचे, लाकूड देऊन विटा घ्यायच्या. काकांना या खेळात आपले गत आयुष्य दिसले. त्यांनी आल्या आल्या तुकड्यांना गट नंबर दिले आणि ओसाड तुकड्याची आकारणी माफ केली. ओसाड सोडून प्रत्येक तुकड्याला आकडा असतो, दोन फाशांची बेरीज त्या आकड्याची झाली की तिथे पीक येते, आणि बेरीज सात झाली की पीक कोणालाच नाही, उलट दरोडेखोर हलतो. काकांनी कागदावर मांडून पाहिले : छत्तीस दानांपैकी सात सहा वेळा येतो, बारा एकदाच. पेन्सिल खाली ठेवून ते गंभीरपणे म्हणाले, ‘सात वारंवार नडतो आणि बारा कधी हाती लागत नाही. गड्याने सातबारा बरोबर ओळखला आहे.’ यापलीकडची स्तुती त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेली नाही. तथापि हा खेळ तिघांचा किंवा चौघांचा, आणि दिवाळीत त्या घरात माणसे दहा. शेरा : ‘उत्तम. परंतु उरलेल्या सहांनी चकल्या तळाव्यात काय, याचा खुलासा नियमावलीत नाही.’

आपल्या या कार्याला प्राचीन आधार असल्याची काकांची खात्री आहे. पांडवलेण्यांच्या कातळावर जागोजागी खेळांचे पट कोरलेले अभ्यासकांनी नोंदवले आहेत. एका रविवारी, नातवंडांना मिसळीचे आमिष दाखवून, काका आम्हा सर्वांना त्या पायऱ्या चढवून घेऊन गेले, आणि जमिनीवरच्या रेघांशी टेप धरून बसले. त्या कोणी कोरल्या, भिक्षूंनी, पाथरवटांनी की सावलीला टेकलेल्या वाटसरूंनी, हे दगड सांगत नाही. पण ब्रह्मजालसुत्तात श्रमणाने वर्ज्य करावयाच्या खेळांची जी यादी आहे तिच्या अग्रभागी आठ व दहा घरांच्या ओळींचे पट आहेत, हे काकांनी आम्हाला धापा टाकीत सांगितले. ‘जगातले पहिले खेळपरीक्षण,’ ते म्हणाले, ‘आणि शेरा काय, तर वर्ज्य.’ एका महान पूर्वसूरीशी आपले मत जुळल्याचे समाधान त्यांच्या मुद्रेवर विलसत होते. नातवंडे तोवर पायरीवर खडूने रेघा मारून खड्यांनी नवकंकरी खेळू लागली होती; तीन खडे एका ओळीत आले की ओरडत होती. काकांनी घड्याळ काढले, आणि अबोल्याची वाट पाहत राहिले. तो पडला नाही. मिसळीच्या दुकानात मुले त्याच डावाविषयी बोलत होती. पाचवा रकाना रिकामा ठेवण्याची दफ्तरात सोय नसल्याने त्यांनी तिथे ‘साक्ष अपुरी’ असे लिहिले.

दफ्तरातली पहिली नोंद मला त्यांनी पुष्कळ दिवस दाखवली नव्हती. ती सोंगट्यांची आहे. काकूंचे माहेर येवल्याचे, आणि पैठणीच्या उरलेल्या तुकड्यांचा शिवलेला सारीपाट त्यांच्या रुखवतातून आलेला : चार पट्ट्या, दर पट्टीत चोवीस घरे, फुल्या जरीच्या. श्रावणातल्या दुपारी झाकपाक आटोपली की काकू तो पट पलंगाच्या गादीवरच अंथरतात, कवड्या ओंजळीत खुळखुळवतात, आणि काका समोर येऊन बसतात. नियमांचे वाचन होत नाही. घड्याळ लावले जात नाही. काकूंना पंचवीस हवे असले की पंचवीस पडते, याला काय म्हणावे हे मी सांगू शकत नाही. त्यांची सोंगटी पटाचे वळण घेताना मध्ये एखादे घर गिळते असा काकांचा संशय आहे, पण ९६ घरांचा हिशेब त्यांनी कितीही डोळ्यांत तेल घालून ठेवला तरी नेमक्या त्या क्षणी काकू ‘अहो, दूध वर येतंय का बघा’ असे म्हणतात, आणि काका उठून बघून येतात.

परवा मी गेलो तेव्हा डाव शेवटास आला होता. काकूंची एक सोंगटी घरात यायची राहिली होती, काकांच्या तीन. काकूंनी कवड्या टाकल्या; सहा गादीवर पसरल्या आणि सातवी गोधडीच्या शिवणीला टेकून आडवी, अर्धी उताणी अर्धी पालथी, अशी उभी राहिली. काका चष्मा सावरून तिच्यावर इतके वाकले की त्यांचा श्वास तिला लागला असावा. ती हलली.

‘पाहिलंत ना?’ काकू म्हणाल्या. ‘आता तुम्हीच सांगा, पंच ना तुम्ही?’

काका बराच वेळ कवडीकडे पाहत राहिले. मग त्यांनी उशाची वही घेतली, पहिले पान उघडले आणि माझ्यापुढे धरले. बाकी सारे दफ्तर शाईने लिहिलेले. ही एकच नोंद शिसपेन्सिलीची, खोडून खोडून कागद पातळ झालेला. शेऱ्याच्या रकान्यात ‘निकाल राखून ठेवला’ असे होते. त्यांनी त्याखाली तारीख घातली.

‘तुमची पाळी,’ काकू कवड्या गोळा करीत म्हणाल्या.