गोदोवाले सर

आमच्या कॉलेजात त्यांना नावानं कोणी ओळखत नाही. ते नुसते ‘इंग्रजी’. ‘इंग्रजी आले का हो?’ असं शिपाईसुद्धा विचारतो. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरचा ‘मराठी’. स्टाफरूममधल्या एकाच डुगडुगत्या टेबलावर आम्ही गेली कित्येक वर्षं डबे उघडत आलो आहोत, तेव्हा पुढचं सगळं जवळून पाहिलेलं आहे.

सरांची पीएच.डी. सॅम्युअल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’वर. १९५३ साली पॅरिसच्या रंगभूमीवर आलेल्या या नाटकात दोन माणसं एका झाडाखाली गोदो नावाच्या इसमाची वाट बघत बसतात आणि तो काही येत नाही. संपलं नाटक. मार्गदर्शकांनी म्हणे विचारलं होतं, ‘‘अवघड विषय आहे, झेपेल का?’’ सर म्हणाले, ‘‘सर, याचं फील्डवर्क झालंय माझं.’’

खरंच झालं होतं. तेव्हा त्यांना सीएचबीवर आठवं वर्ष लागलं होतं. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व : पावसाळ्यात मुलाखत, उन्हाळ्यात विसर्जन, आणि मानधन येईल तेव्हा येईल. सेट तिसऱ्या झटक्यात निघाली. आता फक्त जाहिरात निघायची होती. आधी पदभरतीवर बंदी, मग बिंदुनामावलीची तपासणी, मग ना-हरकत, आणि सगळं जुळून आलं की आचारसंहिता. सकाळी कॉलेज, संध्याकाळी ‘तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी’चा क्लास, असं करत सरांनी लग्न केलं, मुलगी झाली, डोक्याचं चंद्रबिंब झालं; आणि मग एकदाची ऑर्डर आली. पेढे वाटताना ते घाबरल्यासारखे दिसत होते. वाट बघायची सवय सुटणार म्हणून असेल.

वर्गात सर कम्पल्सरी इंग्रजी शिकवतात. म्हणजे इंग्रजी कविता मराठीतून सांगतात. वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सवरची कविता चालली होती, तेव्हा मी बाहेरच्या व्हरांड्यातच होतो.

‘‘सर, डॅफोडिल म्हणजे?’’

‘‘पिवळं फूल असतं.’’

‘‘झेंडूसारखं?’’

सरांनी छताकडे पाहिलं. त्यांनी स्वतः तरी डॅफोडिल कुठं पाहिलं होतं! ‘‘तसंच समज,’’ ते म्हणाले. सहामाहीच्या पेपरात एका पोरानं लिहिलं, ‘कवीला तळ्याकाठी झेंडूचा मोठा प्लॉट दिसला, पण दसरा लांब असल्याने त्याने तोडणी केली नाही.’ सरांनी तो पेपर स्टाफरूमभर फिरवला, पोट धरधरून हसले, आणि दहापैकी सहा दिले. ‘‘पोराला कविता कळलीये हो. न तोडणं हाच तर मुद्दा आहे!’’ त्या दिवशी मला सर फार आवडले. आर. के. नारायण यांची ‘द गाइड’ नेमली होती, त्या वर्षी पोरं दुकानात जाऊन ‘गाइडचं गाइड’ मागत, हेही त्यांनीच मला सांगितलं.

पण साहित्याला एवढाच वेळ. बाकी गावाचं सगळं इंग्रजी सरांच्या गळ्यात. बँकेची नोटीस, विम्याचा क्लेम, पाटलांच्या पोराच्या लग्नपत्रिकेचं स्पेलिंग. आणि नॅकची समिती यायची झाली की प्राचार्य प्रेमानं खांद्यावर हात ठेवतात. ‘‘रिपोर्ट तुम्हीच लिहा सर. भाषा तुमची आहे.’’

सरांच्या हातून उतरलेलं खरं कथावाङ्मय ते हेच. मागच्या अंगणातल्या चार कडुनिंबांचं त्यात ‘बोटॅनिकल गार्डन’ झालं. गॅलरीतून पाणी गळतं, त्याखाली बादली असते. ते ‘रेन वॉटर हार्वेस्टिंग’. पोरं टपरीवर बसतात, ते ‘इन्फॉर्मल पीअर लर्निंग’. समितीतल्या एका बाईंनी अहवालाच्या इंग्रजीचं मनापासून कौतुक केलं, तेव्हा सर लाजून लालबुंद झाले. तीस वर्षं वाचलेला डिकन्स कुठंतरी कामी आला होता.

२०१० मध्ये यूजीसीनं एपीआय आणलं आणि विद्वत्तेला गुण मिळू लागले. तेव्हापासून सर निबंध पाडतात. गोदो एकच, चष्मे बदलायचे. नाटकात एकही बाई नाही, म्हणून एक स्त्रीवादी निबंध. एकच झाड आहे, म्हणून एक पर्यावरणवादी. पात्रं गाजर खातात, म्हणून एक कृषी संकटाच्या विशेष संदर्भासह. सगळे आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत, आणि त्यातलं एक आंतरराष्ट्रीय आमच्या एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापलं जातं. चार आठवड्यांचं ओरिएंटेशन, तीन आठवड्यांचं रिफ्रेशर, वेबिनारची प्रमाणपत्रं, सगळं लॅमिनेट करून फायलीत. फाइल इतकी जाड झाली की वहिनी तिच्यावर इस्त्री ठेवतात.

ती फाइल घेऊन परवा आम्ही दोघं सहसंचालक कार्यालयात गेलो. सरांची स्थाननिश्चिती झाली होती. वेतननिश्चितीवर सही तेवढी राहिली होती. तशी ती दोन वर्षं राहिली आहे. दुपारपर्यंत बाकावर बसलो. मग आतून एक पोरगेलासा शिपाई आला. साहेब आज येणार नाहीत म्हणाला. उद्या मात्र नक्की.

सरांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. हा कुठंतरी भेटलाय, असं पाहिलं. मग आम्ही बाहेर आलो. आवारात एकच झाड होतं, त्याच्या पारावर टेकलो. सरांनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं. वहिनींनी गाजराची कोशिंबीर दिली होती.

‘‘घ्या,’’ सर म्हणाले.