काकडं न घेतलेला मास्तर

जव्हारला मी इंग्रजी शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. हे तत्त्व ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: मास्तर जितके तास बोलेल तितक्याच तासांचे पैसे. त्यामुळे आमच्या जमातीला थोडक्यात बोलायची सवय कधी लागत नाही.

गेल्या वर्षी मुंबईच्या एका स्नेह्यांनी घर आवरताना निघालेली पुस्तकं आमच्याकडे पाठवली. त्यात विटेएवढा जाड एक ग्रंथ होता, अमेरिकेत छापलेला. ज्यांची इंग्रजी ही दुसरी भाषा आहे अशा कॉलेजच्या मुलांसाठी वरच्या इयत्तेचं वाचन, असं कव्हरवर ठसठशीत लिहिलेलं. मी हरखलो. पहिल्या वर्षाच्या पेपरात अपठित उतारा असतोच आणि इथे तर चारशे पानं उतारेच उतारे. झेरॉक्सवाल्याकडे जाऊन पहिल्या धड्याच्या प्रती काढल्या, वर्गात वाटल्या आणि कव्हरवरचं ते वाक्य मोठ्या आवाजात वाचून दाखवलं.

मागून हात वर झाला. "सर, मग आमचं पुस्तक वेगळं येणार का?"

"का रे?"

"हे दुसऱ्या भाषेवाल्यांचं आहे. आमची दुसरी तर मराठी."

मी हिशेब फळ्यावर मांडायला घेतला आणि फसलो. घरी वारली, कुणाच्या घरी कोकणा, कुणाच्या ठाकरी. आश्रमशाळेत मराठी. मोबाइलवर हिंदी. एकजण सुट्टीत सिल्वासाला कारखान्यात जाई, त्याला वर गुजराती. म्हणजे त्याची इंग्रजी पाचवी. माझी मात्र रीतसर दुसरी. त्या वर्गात सगळ्यांत कमी भाषा येणारा माणूस खडू हातात घेऊन उभा होता.

विषय बदलावा म्हणून मी विष्णुशास्त्री चिपळूणकरांना पाचारण केलं. इंग्रजीला ते वाघिणीचं दूध म्हणत, असं सांगितलं. पुण्यात हे वाक्य टाकलं की लोक माना डोलावतात. इथे वाघोबा हा देव आहे. लाकडावर कोरून त्याला पुजतात, वाघबारशीला त्याचा मान असतो. वर्ग गंभीर झाला. एका मुलाने विचारलं, "काढलं कुणी?"

गेल्या दीडशे वर्षांत हे कुणी विचारलं नसावं.

असो. वरच्या इयत्तेच्या वाचनाचं एक शास्त्र आहे. त्यात आधी स्किमिंग, म्हणजे दुधावरची साय काढावी तसं वरवर वाचून गाभा काढणं. मग स्कॅनिंग, म्हणजे सगळं न वाचता हवी तेवढी माहिती हेरणं. "स्कॅनिंग कुणाला माहीत आहे?" असं विचारल्यावर अर्ध्या वर्गाने हात वर केले. मला भरून आलं. पहिल्या मुलाने उभं राहून सांगितलं, "ते नाशिकला होतं. आजीचं केलं होतं."

तिसरी युक्ती सगळ्यांत मोठी: अडलेल्या शब्दाचा अर्थ संदर्भावरून लावणं. त्या ग्रंथात तिला अठ्ठावीस पानं होती. मी सराव म्हणून पाणीबचतीचा उतारा घेतला. दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवरखाली कमी वेळ उभे राहा, अशा धर्तीचा. त्यात 'रनिंग वॉटर' आलं.

"सर, म्हणजे धावतं पाणी?"

"हो, तसंच."

"कुठे धावतं?"

मी वाक्य जुळवेपर्यंत दुसऱ्या बाकावरची मोखाड्याची मुलगी म्हणाली, "मुंबईला."

वर्ग फुटला. मीही हसलो, पण अर्ध्यात थांबलो. मोखाड्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणेचं शंभर मीटरहून उंच धरण आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं आणि वैशाखात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघत बसतात. संदर्भावरून अर्थ लावा म्हणालो होतो; तिने लावला. उताऱ्याखाली प्रश्न होता, तुमच्या घरी रोज किती गॅलन पाणी लागतं? गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या थोडं वर, हे मी सांगितलं. मुलींनी लगेच हंड्यात हिशेब केला. चार गॅलनचा एक हंडा. डोक्यावर एकावर एक दोन, म्हणजे एका खेपेला आठ गॅलन. 'पाणी वाचवण्यासाठी तुम्ही काय कराल?' या शेवटच्या प्रश्नाला एकीने इंग्रजीत उत्तर लिहिलं, त्याचा अर्थ असा: आधी नळ घेईन, मग तो बंद ठेवीन. व्याकरणाची एकही चूक नव्हती. मी पैकीच्या पैकी दिले. माझ्या नोकरीत हा प्रसंग विरळा.

मोखाड्याच्या त्या मुलीला एकदा विचारलं, अडलेले शब्द तू सोडवतेस कसे? म्हणाली, लहानपणापासून तेच तर करतेय. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली, त्यामुळे हिच्या पिढीला दोन परक्या भाषा एकदम भेटल्या: 'ॲपल'ची आणि 'अननसा'ची. मराठीच्या पुस्तकात तिला 'दिवाणखाना' हा शब्द भेटला होता. घरात खोली एकच, कुडाची. विचारायचं कुणाला? तिने पुढची-मागची वाक्यं चाळली आणि ठरवलं, की लोक येऊन काही काम न करता जिथे बसतात ती जागा.

"बरोबर," मी म्हणालो.

"मग आपल्याकडची म्हणजे स्टाफरूम ना, सर?"

स्कॅनिंगचंही तेच. जुलैत इथे धुकं उतरलं की एसटीचा बोर्ड दोन हातांवरून दिसत नाही. मी काचेला नाक लावून अक्षरं जुळवतो. मुलं बोर्डाकडे बघतही नाहीत, खिडकीतून आत बघतात. खोडाळ्याची माणसं बसलेली दिसली की गाडी खोडाळ्याची. मी एकदा पूर्ण साक्षरतेनिशी खोडाळ्याला निघालो आणि विक्रमगडला उतरलो.

तरी माझी पुस्तकी खोड गेली नव्हती. ती गेली यंदा, पहिल्या पावसानंतर, बाजारात.

रस्त्याकडेला एक मावशी पळसाच्या पानांवर रानभाजी मांडून बसली होती. जांभळट, निमुळते कोंब, जुड्या बांधलेले. शेवळं. नाव ऐकून होतो. शेजारी पानावर हिरव्या, आंबट दिसणाऱ्या बारीक फळांचा ढीग. मी दोन जुड्या घेतल्या. मावशीने मूठभर फळं उचलून पुढे केली. "ही बी घे."

मला वाटलं, झालं, गळ्यात मारतेय. शहरात शॅम्पू घ्यायला गेलं की कंडिशनर देतात तसं. "नको मावशी, एवढंच द्या," मी ठामपणे म्हणालो. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग फळं परत ढिगात टाकली. बहुधा तिला वाटलं, घरी असतील.

रात्री भाजी केली. कांदा, तिखट, भरपूर तेल. तिसऱ्या घासाला जिभेवर मुंग्या आल्या, पाचव्याला घशात कुणीतरी लोकरीचा गोळा फिरवायला लागलं. ताक प्यालो, गूळ खाल्ला, गुळण्या केल्या. सकाळी आवाज गेलेला.

वर्गात जाऊन फळ्यावर लिहिलं, 'आज तुम्हीच वाचा.' पहिल्या बाकाने माझ्याकडे पाहिलं. मी घसा चोळत होतो, एवढंच.

"सर, शेवळं खाल्ली?"

मी मान हलवली.

"काकडं नाही घातली?"

काकडं म्हणजे तीच हिरवी फळं. ती ठेचून त्यांचा आंबट रस घातला की शेवळाची खाज मरते. हे इथे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. मग मला सविस्तर धडा मिळाला: वरचं वेष्टण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचं, तेलात परतायचं, आणि काकडं विसरायची नाहीत. कुणाची आई त्यात करंदी घालते, तेही कळलं. मी मुकाट्याने वहीत उतरवून घेत होतो. मधेच मोखाड्याची ती मुलगी म्हणाली, "पण सर, ती शेजारीच ठेवलेली असतात ना?"

ग्रंथातली ती अठ्ठावीस पानं मी पुन्हा उघडली नाहीत. दोन दिवस आवाज नव्हता, म्हणून दोन दिवसांचे तास नव्हते, म्हणून त्यांचे पैसेही नव्हते. मागच्या बाकावर हिशेब झाला, सरांना जुडी केवढ्याला पडली त्याचा.

पुढच्या बाजाराला मी परत गेलो. मावशी तिथेच होती. मी एक जुडी उचलली आणि काकडांचा अख्खा ढीग पिशवीत भरायला लागलो.

"अरं, अरं," ती माझा हात धरून म्हणाली, "काकडांची भाजी करतोस काय?"