घरी मांचुरियन, बाहेर बिरडं

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या दादरच्या इमारतीचा जिना चढत गेलात, तर कुणाकडे काय शिजतंय हे दार न वाजवताच कळतं. पहिल्या मजल्यावर पास्ता. दुसऱ्यावर शेजवान राइस, त्याचा ठसका थेट गच्चीपर्यंत. तिसऱ्यावर, म्हणजे आमच्याकडे, पनीर बटर मसाला. चौथ्या मजल्यावरच्या काकू एकट्याच असतात. मऊ भात आणि मेतकूट एवढ्यावर त्यांचं भागतं असं मी धरून चालले होते. पण परवा त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठलं आणि ‘एअर फ्रायर कोणत्या कंपनीचा घेऊ गं?’ म्हणून विचारलं. वरणाला लसणीची फोडणी बसल्याचा वास रविवारी आमच्या जिन्यात शोधून सापडायचा नाही.

आणि ज्या रविवारी घरच्या गॅसला सुट्टी असते, त्या रविवारी हीच मंडळी शिवाजी पार्कच्या आसपासच्या कुठल्या ना कुठल्या मराठी हॉटेलाबाहेर फुटपाथवर ताटकळत असतात. थालीपिठासाठी, डाळिंबी उसळीसाठी, कोथिंबीर वडीसाठी, अळूच्या फतफत्यासाठी. आमच्या आज्या जे रोज करून वैतागायच्या, ते खायला आम्ही उन्हात उभे राहतो आणि वर पैसे मोजतो. घर आणि हॉटेल यांनी कधीतरी गुपचूप खातेबदल करून घेतलाय. शपथविधीला आम्हाला कुणी बोलावलंही नाही.

असं का झालं, हे समजून घ्यायचं तर एकदा घरी वाल सोलून बघावेत. कडवे वाल आदल्या रात्री भिजत घालायचे. सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायचे. दुसऱ्या दिवशी चांगले मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि मग एकेक दाणा चिमटीत धरून सालातून बाहेर काढायचा. हलक्या हाताने दाबला तर निघत नाही, जोरात दाबला तर सुळकन निसटून फ्रीजखाली जातो. तिथून तो दिवाळीच्या साफसफाईतच बाहेर येतो. तासभर मान खाली घालून हे उद्योग केल्यावर परातीत जेमतेम वाडगाभर डाळिंब्या जमतात. त्या फार ढवळायच्याही नाहीत, मोडतात. एवढं सगळं करून उसळ ताटात पडली की चिरंजीव विचारतात, ‘आज फक्त बीन्स?’

याउलट पनीर बघा. खालच्या डेअरीत चौकोनी तुकडे करून मिळतं. टोमॅटोची प्युरी खोक्यात, क्रीम खोक्यात, कसुरी मेथी खोक्यात. काजू तेवढे आपण वाटायचे. अर्ध्या तासात काम तमाम, वर टाळ्या. मग घरी काय होणार? जे खोक्यातून आणि बाटलीतून येतं ते घरी होतं आणि ज्याने अंगठा दुखतो ते बाहेर खाल्लं जातं. यात संस्कृती बुडाली वगैरे काही नाही, हा निव्वळ अंगठ्याचा प्रश्न आहे.

त्यातून रविवारी ओट्याचा ताबा पुरुषांकडे जाण्याची नवी प्रथा आलीय. स्वागतार्ह आहे, नाही असं नाही. पण रविवारी हौसेने स्वयंपाक करणारा पुरुष हा नेहमी हॉटेलातलाच पदार्थ करतो. हौस म्हणून दुधीची भाजी करणारा नवरा मी अजून पाहिलेला नाही. आमच्याकडे मोबाइल मिक्सरला टेकवून उभा केला जातो, व्हिडिओतला शेफ हिंदीतून सूचना देतो आणि नवरा घरातली झाडून सगळी पातेली काढतो. कढीलिंब कुठल्या डब्यात आहे हे त्याला अजून ठाऊक नाही, पण ऑरेगॅनो बरोबर सापडतो. जेवण झाल्यावर तो ‘आज तुला सुट्टी!’ असं जाहीर करून झोपतो आणि ती सुट्टी मी पातेली घासत साजरी करते.

आता कुणी म्हणेल, सोललेले वाल विकत मिळतात की दादरला. मिळतात तर. स्टेशनबाहेरच्या बाजारात काय मिळत नाही? निवडलेली मेथी, सोललेला लसूण, मोडाची कडधान्यं, साफ करून कापलेलं केळफूल. वाल सोलत बसलेल्या बायकांचे हात एवढ्या वेगाने चालतात की त्या आपल्याशी भाव ठरवत असताना खाली वाटा भरलेला असतो आणि एकही दाणा मोडलेला नसतो. पण भाव ऐकला की आमच्या सासूबाई हिशेब मांडतात. ‘एवढ्या पैशांत तयार उसळ पोळीसकट येईल.’ मग आम्ही तयार उसळ खायला जातो. तिथे बिल आलं की त्याच म्हणतात, ‘एवढ्या पैशांत घरी दहाजणांचं झालं असतं.’ त्यांची दोन्ही गणितं बरोबर असतात, हीच खरी अडचण आहे.

रविवारच्या त्या गर्दीला रीतभात आहे. हॉटेलाच्या दाराशी वही-पेन घेतलेला एक माणूस उभा असतो. त्याच्यापाशी आडनाव आणि डोकी लिहून द्यायची. आमचं आडनाव जोशी. दादरमध्ये रविवारी दुपारी ‘जोशी, चार!’ असं पुकारणं म्हणजे भांडणाला अक्षता देण्यासारखं आहे. तीन कुटुंबं एकदम पुढे सरसावतात. एक जोशी म्हणतात आम्ही पावणेबाराला नाव दिलंय, दुसरे म्हणतात आम्ही चार नाही पाच, पण बाळ मांडीवर बसेल. वहीवाला कंटाळून पुढचं नाव पुकारतो आणि कुणीतरी गावडे शांतपणे आत जाऊन बसतात.

आत गेलं तरी टेबल आपल्या एकट्याचं नसतं. समोर अनोळखी माणसं असतात आणि पाठीमागे, तुमच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, पुढच्या नंबरची माणसं. घास घेताना मानेवर त्यांचा श्वास लागतो. अशा वातावरणातही सासूबाई डाळिंबी उसळीचा पहिला घास नीट चावतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. ‘बरं आहे.’ मराठी माणसाने हॉटेलातल्या पदार्थाला द्यायची ही सर्वोच्च पदवी. पाठोपाठ पुरवणी येते. ‘गूळ अंमळ जास्त पडलाय. आणि आमसूल घालायचं सोडून चिंच कशाला?’ यावर समोरच्या अनोळखी बाई पोहे अर्धवट टाकून चर्चेत उतरतात. त्या सीकेपी निघतात. त्यांच्या मते मुळात गोडा मसाला घातला की ते बिरडं राहतच नाही. सासूबाई गोड्या मसाल्याच्या बाजूने लढतात. मागे उभे असलेले गृहस्थ, ज्यांना फक्त खुर्ची हवी असते, तेही नारळाच्या दुधावर दोन शब्द बोलून घेतात. माझ्या नवऱ्याने अशा वेळी एकदा ‘मला तर बुवा आवडलं’ असं म्हटलं होतं. दोन्ही बायकांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने मुकाट्याने पियुष मागवलं.

आमच्याच भागातल्या ‘आस्वाद’च्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये फूडी हबचा सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा आम्हा दादरकरांचा ऊर अभिमानाने भरून आला. साधारण दहा मिनिटं. त्यानंतर प्रत्येक घरात एकच सूर लागला, परीक्षक आमच्याकडे आले कुठे होते?

पैसे देऊन घरच्यासारखं जेवणं हे आमच्याच पिढीला लागलेलं व्यसन आहे असा एक समज आहे. तो खरा नाही. दादर स्टेशनजवळचे मामा काणे १९१० सालापासून लोकांना खाऊ घालतायत. शेजारी माटुंग्याला रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२चं, केळीच्या पानावर अजूनही वाढतात. आणि खालच्या अंगाला परळ-लालबागचं अख्खं गिरणगाव खानावळींवर जगलं. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार बायकापोरांना गावी ठेवून इथे गाळ्यावर दाटीवाटीने राहायचा आणि चाळीतल्याच एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवायचा. ती बाई एवढ्याशा खोलीत पंधरा-वीस माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक रेटायची. किराण्याची उधारी, सावकाराचं व्याज आणि पगार उशिरा झाला की जेवणाऱ्यांचे थकलेले पैसे, हे सगळं तिच्याच डोक्यावर. या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून, बँकेचं कर्ज मिळवून देऊन, प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते १९७५ साली.

आता गंमत बघा. मुंबईतच, चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वांग नावाच्या आचाऱ्याने आलं, लसूण, हिरवी मिरची आपल्या पद्धतीने परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस ओतला आणि चिकन मांचुरियन जन्माला घातलं, तेही १९७५च्या सुमाराला, असं सांगतात. म्हणजे आमच्या खातेबदलातले दोन्ही उमेदवार साधारण एकाच वेळी शहरात दाखल झाले. मांचुरियन तेव्हा क्लबात होतं आणि पोळीभाजी चाळीत. आज कोबीचं मांचुरियन आमच्या दुसऱ्या मजल्यावर होतं आणि पोळीभाजीला दुकानाची पाटी लागलीय.

ही पोळीभाजी केंद्रं नसती तर दादरमधले निम्मे संसार मोडले असते, असं माझं ठाम मत आहे. संध्याकाळी साडेसातला केंद्राच्या काउंटरवर जी ताई असते, तिला आमच्या इमारतीची जेवढी माहिती आहे तेवढी सोसायटीच्या सेक्रेटरीलाही नाही. रोज आठ पोळ्या नेणाऱ्या घराने वीस नेल्या की पाहुणे आलेत. सहाच्या चार झाल्या की मुलगा होस्टेलला गेला. चाराच्या दोन झाल्या आणि भाजी नेली नाही, की ताई काही न बोलता चटणीची पुडी फुकट देते. भांडण झालेल्या घरात भाजी कोणती आणायची यावर एकमत होत नाही, हे तिला अनुभवाने कळलंय.

पाहुणे आले की मी त्याच पोळ्या आपल्या तव्यावर एकेक करून गरम करते, वर तूप लावते आणि गरम गरम वाढते. ‘काय मऊसूत झाल्यात! गहू कुठला?’ असं विचारलं की ‘सिहोर’ म्हणून सांगते. खोटं नाही, केंद्राच्या पाटीवर तसंच लिहिलंय. आमच्या सासूबाई अशा वेळी आमटीच्या वाटीत बघत बसतात. त्यांनी आजवर एकदाही तोंड उघडलेलं नाही, आणि या एका गोष्टीसाठी मी त्यांना त्यांचे सगळे गूळ-आमसूल माफ केलेत.

मात्र भाजणी आम्ही अजून घरची करतो. म्हणजे धान्यं मी भाजते आणि दळण नवरा नेतो. गेल्या खेपेला गिरणीवाल्याने विचारलं, ‘साहेब, कशावर दळू?’ नवऱ्याने जरा विचार केला आणि म्हणाला, ‘मशीनवर.’ नशिबाने भाजणी उपासाची नव्हती, त्यामुळे आधीच्या कुणाच्या बाजरीचं पीठ त्यात मिसळलं तरी देवाधर्माचा प्रश्न आला नाही. थालीपिठं बरी झाली. पण रविवारी तीच थालीपिठं करू म्हटलं तर सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, थालीपीठ कसलं घरी, थालीपीठ खायला बाहेर जाऊ.

तेव्हा रविवारी दुपारी दादरला जेवायला येणार असाल तर जरूर या, पण एवढं ऐका. अळूचं फतफतं संपलं की उठा. पूर्वी इथे बटाटेवडा कितीला मिळायचा या आठवणी बडीशेप चघळत आतच काढू नका, बाहेर फुटपाथवर भरपूर जागा आहे. आणि ‘जोशी, चार!’ अशी हाक आली, तर नाव कितीला दिलं होतं ते आधी एकमेकांना विचारून घ्या. आमचं साडेअकराचं आहे.