दर चौरस किलोमीटरी गणपती

अलास्कात सिटका नावाचं एक शहर आहे. शहराची जमीन सुमारे ७,४०० चौरस किलोमीटर आणि माणसं २०२०च्या जनगणनेनुसार ८,४५८. आपला अख्खा रायगड जिल्हा, पनवेलपासून पोलादपूरपर्यंत पंधरा तालुक्यांसकट, ७,१५२ चौरस किलोमीटर भरतो. म्हणजे रायगड उचलून सिटकाच्या हद्दीत ठेवला तर सहज मावेल, आणि वर ठाण्याचा एखादा कोपरा ठेवायलाही जागा उरेल.

ही माहिती मला सिएटलहून आलेल्या भाच्याने दिली. तो क्रूझवरून अलास्का बघून आला होता, आणि काशीला जाऊन आलेल्या माणसाला जसे घाट पाठ असतात तसे क्रूझवरून आलेल्या माणसाला आकडे पाठ असतात. १९७१ साली म्हणे तिथलं शहर आणि भोवतालचा सगळा मुलूख यांचं एकत्रीकरण झालं. त्यामुळे डोंगर, जंगलं, बेटं, एवढंच नव्हे तर माउंट एजकंब नावाचा ज्वालामुखीसुद्धा पालिकेच्या हद्दीत आला. आपल्याकडे शेजारची एक ग्रामपंचायत पालिकेत घ्यायची म्हटली तर घरपट्टी वाढेल म्हणून मोर्चा निघतो. तिथे ज्वालामुखी आत घेतला.

हा ज्वालामुखी झोपलेला असतो. १९७४च्या एक एप्रिलला पोर्की बिकर नावाच्या सिटकाच्याच एका गृहस्थांनी हेलिकॉप्टरने जुने टायर नेऊन त्याच्या तोंडात पेटवले, वर बर्फात मोठ्या अक्षरांत ‘एप्रिल फूल’ रंगवून ठेवलं. खाली गावकरी धूर बघून हादरले. भाच्याला या गोष्टीचं फार कौतुक. मला एवढंच वाटलं की, टायर पेटवायला आपली माणसं इतक्या वर जात नाहीत. हमरस्ता पुरतो.

“मामा, तिथे एका माणसाच्या वाट्याला जवळजवळ एक चौरस किलोमीटर येतो,” हे वाक्य त्याने उच्चारलं तेव्हा आम्ही दिवा-रोहा मेमूत होतो आणि त्याच्या स्वतःच्या वाट्याला बाकाची कड आली होती. तिघांच्या बाकावर तो चौथा. समोरच्या मावशींच्या मांडीवर एक बोचकं, पायाशी दुसरं, आणि तिसरं त्यांनी विश्वासाने भाच्याच्या बुटांवर ठेवलेलं. २०११च्या जनगणनेत रायगडात दर चौरस किलोमीटरला ३६८ माणसं निघाली. तो चौरस किलोमीटर कुठला घेतला होता कोण जाणे, पण त्यात ही मेमू नक्की नव्हती.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “एवढ्या जागेत एकटा माणूस करतो काय?”

“मासे धरतात, मावशी. फिरायला जातात.”

“कुठं जातात?”

इथे भाचा जरा अडखळला. कारण सिटकाला बाहेरून रस्ताच नाही. विमानाने जा, नाही तर बोटीने. गावातला रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चौदा-पंधरा मैल, की संपला. पुढे झाडं आणि अस्वलं. “म्हणजे जागा हाय, पण जायला वाट नाय,” मावशी म्हणाल्या आणि बोचकं आणखी थोडं आमच्या बाजूला सरकवलं.

आषाढ होता. आपटा गेलं, जिते गेलं आणि उजवीकडे खारेपाट पसरला. खाडीला बांध घालून मिळवलेली भातजमीन, तिच्यात गुडघाभर पाणी, आणि पाण्यात पाठी वाकवलेली माणसं. या भागात पाण्याचा हिशेब मोठा गमतीचा आहे. उधाणाने बांधाला खांड पडली की खारं पाणी न बोलावता शेतात येतं. पिण्याचं गोडं पाणी मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघायला लावतं. त्याच पेण तालुक्यात डोंगराच्या बाजूला हेटवण्याचं धरण आहे, आणि त्याचं पाणी नवी मुंबईला जातं. २००८च्या सप्टेंबरात इथल्या २२ गावांना सरकारने विचारलं होतं की, बाबांनो, सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची का? त्या वेळी प्रत्येक माणूस मोजून घेतला होता. पाण्याबाबत असं कुणी विचारल्याचं गावात कुणाला आठवत नाही.

पेण शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेप्रमाणे ३७,८५२. त्यानंतर आपल्याला कुणी मोजलंच नाही. २०२१ची जनगणना झाली नाही, आता २०२७ची वाट पाहायची. अमेरिकेने करोनाच्या वर्षातही बेटाबेटांवर जाऊन माणसं मोजली. भाच्याने हे जरा ऐटीत सांगितलं. मी म्हटलं, चल, पेणला मोजण्यासारखं काय आहे ते तुला दाखवतो.

गणपतीचा कारखाना बाहेरून एक पत्र्याची शेड दिसते. आत गेलं की डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो, कारण आत सगळं पांढरं असतं. जमिनीपासून छपरापर्यंत फळ्या, फळ्यांवर रंग न दिलेल्या कच्च्या मूर्ती, सोंडेला सोंड लावून. हा दगडूशेठ, हा लालबाग, हा टिटवाळा. साचे नावानिशी ओळखले जातात. दोन फळ्यांच्या मधे जी वाट असते ती तिरकं होऊन चालायची. भाचा अमेरिकेत चांगला रुंद झालेला. त्याची पाठीवरची सॅक एका मूर्तीच्या कानाला लागणार एवढ्यात तीन दिशांनी “ओ दादा!” असा गजर झाला आणि सॅक काढून छातीशी धरून तो पुढे सरकला.

कोपऱ्यात एक मुलगी आखणी करत बसली होती. आखणी म्हणजे डोळे काढणं. कारखान्यातलं सगळ्यात मानाचं काम ते. मूर्ती मांडीशी, उजव्या मनगटाला डाव्या हाताचा टेकू, आणि चार केसांचा ब्रश. वरच्या पापणीची रेघ तिने एका श्वासात ओढली, मग श्वास सोडला, मग बुबुळ ठेवलं. तोवर तो एक फुटी प्लास्टरचा ऐवज होता. बुबुळ बसलं तसा तो आमच्याकडे बघायला लागला. भाच्याने मोबाइल खाली घेतला. मुलीने मूर्ती उचलून पलीकडे ठेवली आणि पुढची ओढली. तिच्या समोर अशा आंधळ्या मूर्तींची रांग दारापर्यंत गेलेली होती.

“एकूण किती असतील?” भाच्याने मालकांना विचारलं.

“मूर्ती कोण मोजत बसतो? आम्ही ऑर्डरी मोजतो.”

पेण, हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात दर वर्षी लाखो मूर्ती तयार होतात. शंभर वर्षांहून जुना हा धंदा आधी शाडूचा होता, मग प्लास्टर आलं, आणि २०२०मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नियमावली आल्यापासून शाडू की प्लास्टर हा वाद पेणच्या हवेतच आहे. त्यात मी शिरलो नाही. मालकांनी चहा मागवला होता.

चहा घेताना भाच्याने त्यांना अस्वलांचं सांगितलं. सिटकाच्या शेजारी ॲडमिरल्टी नावाचं बेट आहे, तिथे माणसांपेक्षा अस्वलं जास्त.

“आमच्याकडे माणसांपेक्षा गणपती जास्त,” मालक म्हणाले. “पण आमचे भाद्रपदाच्या आधी निघून जातात. तुमची अस्वलं जातात का?”

“नाही. ती तिथेच हिवाळाभर झोपतात.”

“बघा. आमच्या मूर्तींना शेडमध्ये मुक्काम परवडत नाही. आणि आम्हालाही झोप नाही. विसर्जन झालं की पुढच्या वर्षाचे साचे बाहेर.”

मला वाटतं, जनगणना खात्याने या रहिवाशांचा विचार करायला हरकत नाही. जन्म पेण, वास्तव्य गिरगाव, कालावधी दीड दिवस. दर वर्षी पूर्ण लोकसंख्या स्थलांतर करते आणि दर वर्षी तेवढीच पुन्हा जन्माला येते. ही वाढ कुठल्याही कुटुंबनियोजनाला आवरलेली नाही. स्थलांतर नुसतं मुंबई-पुण्याला नाही. मॉरिशस, इंग्लंड, अमेरिका. परदेशी जाणारे गणपती कंटेनरमध्ये बसून समुद्रमार्गे जायचे, म्हणून उन्हाळ्यातच निघतात.

“आम्ही सिएटलला इंडियन स्टोअरमधून आणतो,” भाचा म्हणाला.

“मग तो इथलाच असणार. व्हिसा तुमच्या आधी त्याला मिळाला.”

निघताना भाच्याने एक मूर्ती घ्यायची तयारी दाखवली. मालकांनी हसून नको म्हटलं. सिएटलचा माल सिएटलला पोचला होता, तो परत पेणहून नेऊन धंद्याचा हिशेब कशाला बिघडवायचा. त्याऐवजी आम्ही पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घेतली. पेणची बाई पापड लाटायला बसली की तिच्यापुढे यंत्राने गप्प बसावं. पापडांखेरीज पेणचं आणखी एक नाव म्हणजे विनोबा भावे. त्यांचा जन्म १८९५ साली याच तालुक्यातल्या गागोद्याचा. देशभर चालत जाऊन जमीन मागायची हिंमत या माणसात कुठून आली असेल याचा अंदाज मला खारेपाट बघून आला. इथे जमीन मुळात समुद्राकडूनच मागून घेतलेली आहे.

वडखळचा उल्लेख केल्याशिवाय या भागाच्या लोकसंख्येचं वर्णन पुरं होत नाही. गोव्याचा रस्ता आणि अलिबागचा रस्ता इथे फुटतात. बायपास होण्याआधी गणपतीच्या दिवसांत वडखळ नाक्यावर जी वस्ती व्हायची ती कुठल्याही जनगणनेत आलेली नाही. रात्री दोन वाजता गाड्यांतून उतरून माणसं डबे सोडायची, पोरांना झोपवायची, शेजारच्या गाडीशी सोयरीक जुळायची वेळ यायची. सिटकाला बाहेर जायला रस्ता नाही. इथे रस्ता होता, बाहेर जाता येत नव्हतं.

पेणहून आम्ही पुढे रोह्याला निघालो. रोहा पेणपासून रेल्वेने चाळीसेक किलोमीटर. कासू, नागोठणे, मग डोंगर जवळ येतात आणि पाऊस वाढतो. सिटकात वर्षाला ऐंशी-नव्वद इंच पाऊस पडतो असं भाचा कौतुकाने सांगत होता. ते त्याने रोहा स्टेशनच्या बाहेर, छत्री उलटी झालेली असताना सांगितलं. इथे पाऊस शंभर इंच सहज ओलांडतो, तोही चार महिन्यांत. बारा महिने मिळून नव्वद इंच म्हणजे रोहेकरांच्या मते उघडीप.

रोहा आणि अष्टमी ही कुंडलिका नदीच्या दोन काठांवरची दोन गावं, नगरपालिका एक. दोन काठ मिळून २०११ला माणसं भरली २०,८४९. एवढ्याशा गावाचा भूगोल मात्र भलताच गुंतागुंतीचा. मुंबईकडून आलेली मध्य रेल्वे इथे संपते आणि कोकण रेल्वे इथून सुरू होते, ती ७४१ किलोमीटर जाऊन थेट कर्नाटकात ठोकूरला थांबते. रोहा ते वीर हा तिचा टप्पा १९९३मध्ये सुरू झाला. फलाटावर उभं राहून कुठल्या दगडापासून कोकण रेल्वे लागते हे भाचा शोधत होता. पोर्टरने सांगितलं, “गाडी थांबते तिथून.”

नदीची कथा तर याहून वरताण. मुळशीच्या धरणातलं पाणी खरं म्हणजे मुळा, भीमा, कृष्णा अशी वाट धरून बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांनी ते घाटावरून खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. १९२७पासून हे चालू आहे. याच धरणासाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. बंगालचं तिकीट काढून बसलेलं हे पाणी भिऱ्याला उतरतं, वीज देतं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. ते सुटलं की कोलाडला सकाळी रबरी बोटी निघतात. मुंबईची मंडळी हेल्मेट घालून, किंचाळत, पैसे देऊन त्यात बुडायच्या बेतात येतात. कारखान्याने पाळी बदलावी तशी इथे नदी चालू-बंद होते, पण लोकांना ती निसर्गच वाटते.

माणसांच्या बाबतीत रोह्याने संख्येवर कधी भर दिला नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं घराणं इथलं, बालपणही. ज्या काळात रोह्यात शंभराची नोट क्वचित दिसायची त्या काळात तिच्यावरची सही रोह्याची होती. स्वाध्यायवाले पांडुरंगशास्त्री आठवले १९२०मध्ये इथेच जन्मले.

ग्रामदैवत धावीर महाराजांच्या देवळात एक आजोबा भेटले. दसऱ्याच्या वेळी धावीर महाराजांना पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, ही प्रथा इंग्रजांच्या अमलापासूनची. मग पालखी निघते. हे ऐकताच भाच्याला सापडलं. सिटकातही ऑक्टोबरातच सोहळा असतो! १८ ऑक्टोबर १८६७ला रशियाने अलास्का अमेरिकेच्या हवाली केला तो सिटकात. अजून दर वर्षी ते झेंडाबदल करून दाखवतात, शिपाई, बंदुका, मिरवणूक सगळं. अख्खा अलास्का ७२ लाख डॉलरला गेला.

आजोबांनी किमतीकडे लक्ष दिलं नाही. “मिरवणूक किती वेळ चालते?”

“एका दिवसात आटपत असेल.”

“आमची पालखी निघाली की गावातली आळी न आळी घेते. परत देवळात यायला दुसरा दिवस उजाडतो.” त्यांनी हिशेब केला. “किती म्हणालास माणसं तुमच्या गावात?”

“साडेआठ हजार.”

“त्यात बाया, पोरं, म्हातारे आले?”

“आले.”

“आणि हद्द जिल्ह्याएवढी.” आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग खऱ्या काळजीने म्हणाले, “अरे, मग तुमच्याकडे पालखीला खांदेकरी पुरणार कसे?”