निवडकांची दाटी

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या दर ३५ मुलांमागे एक शिक्षक मुक्रर केला खरा. परंतु चौदाव्या वर्षानंतर गर्दीनेच बुद्धीला धार चढते, अशा काही गूढ श्रद्धेने तो तेथेच थबकला. परिणामी शिरगावच्या किल्ल्याजवळून रिक्षाने पालघर आणि तेथून लोकलने बोईसर गाठणारी एखादी कुशाग्र कन्या, खासगी शिकवणीच्या ‘निवडक’ म्हणविणाऱ्या स्कॉलर बॅचमध्ये, तिघींच्या बाकावर चौथी म्हणून विराजमान होते. पहिला हप्ता मुदतीत भरणे एवढाच निवडीचा निकष असल्याने अपात्र सहसा कोणी ठरत नाही (ही लोकशाही स्तुत्यच!). मागील बाकांपर्यंत व्याख्यान पोहोचावे म्हणून ध्वनिक्षेपकाची तजवीज आहे. शंकेने उलट दिशेने कसे यावे, याचा बंदोबस्त अद्याप विचाराधीन आहे. जाहिरातीतले ‘वैयक्तिक लक्ष’ मात्र खोटे नव्हे: दुसरा हप्ता थकला की नावानिशी पुकारा होतो.