पोटावर कापूस, तोंडात बाँबास्ट

अहो, ऐकलंत का? फोटोपुरतं पोट आत ओढणारे पुरुष आपण रोज बघतो. पण पहिल्या एलिझाबेथ राणीच्या लंडनात चांगले सडपातळ तरुण शिंप्याला पैसे मोजून पोट शिवून घ्यायचे! १५८०च्या आसपासचं हे फॅड. डब्लेट म्हणजे तेव्हाचा अंगासरसा बसणारा कोट. त्याच्या अस्तरात कापूस असा ठासायचा, की वाटाण्याच्या शेंगेसारखा फुगवटा पुढे येऊन त्याचं टोक थेट कमरेखाली उतरलं पाहिजे. फिलिप स्टब्स नावाच्या सोवळ्या गृहस्थानं १५८३ साली पुस्तक लिहून बोटं मोडली. एकेका कोटात चार, पाच, सहा पौंड कापूस! म्हणजे दोन-पावणेतीन किलो की हो! या नटव्यांना धड वाकताही येत नाही, ही त्याची मुख्य तक्रार. (मग खाली पडलेला रुमाल उचलायचा कुणी?)

काही जण कोंडाही भरत. एका छेलछबिल्याची तुमान म्हणे खुर्चीच्या खिळ्याला अडकून टरकन फाटली आणि बायकांच्या देखत कोंड्याची धार लागली. खरंखोटं देव जाणे, किस्सा मात्र झकास.

तर या भरावाच्या कापसाचं नाव बाँबास्ट. लॅटिनच्या माहेरी बॉम्बॅक्स, फ्रेंचांकडे बाँबास आणि इंग्रजांच्या पोटावर बाँबास्ट. आज हाच शब्द फुगीर, पोकळ बोलण्यासाठी वापरतात, म्हणून काही जण त्याच्या जन्माचा आळ उगाच पॅरासेल्ससवर घेतात. त्या बढाईखोर वैद्याच्या नावात ‘बॉम्बास्टस’ होतं, एवढंच निमित्त! अहो, ते त्याचं घराण्याचं नाव. आणि आपल्या ‘शब्दबंबाळ’शीही सोयरीक जुळवू नका; आवाज जुळला म्हणून गोत्र जुळत नाही.

कोटातला कापूस वाक्यांत शिरायला कितीसा वेळ? १५८९मध्ये लेखक टॉमस नॅशनं नाटकांतल्या फुगीर निर्यमक पद्याला हेच नाव ठेवलं. १५९२मध्ये नाटककार रॉबर्ट ग्रीन वारला आणि मागोमाग त्याच्या नावावर एक पुस्तिका निघाली. तीत कुणा उपटसुंभ नटाला टोमणा: हा म्हणे आम्हा नाटककारांसारखंच पद्य ‘बाँबास्ट’नं फुगवू शकतो! आडनावाची मोडतोड अशी केलेली, की शेक्सपिअरच तो, हे आंधळ्यालाही कळावं. ती पुस्तिका छपाईसाठी तयार करणाऱ्या हेन्री चेटलला पुढे छापील दिलगिरी व्यक्त करावी लागली.

शेक्सपिअरनं शब्द मात्र सोडला नाही हं! त्याच्या नाटकातला राजपुत्र हॅल ढेरपोट्या फॉल्स्टाफला लाडानं बाँबास्टचा पुतळा ठरवतो आणि वर स्वतःचे गुडघे शेवटचे कधी पाहिलेस, असं विचारतो.